काउंटरवर सल्ला, दवाखान्यात चौकशी

गांजा कायदेशीर केलेल्या अमेरिकेतल्या राज्यांची आणि कॅनडातली आरोग्य खाती, आणि गांजाच्या दुकानांना लायसन देणारी मंडळं, सगळ्यांना नमस्कार.

पत्र मराठीत लिहितेय म्हणजे तुमच्यापैकी कुणी वाचणार नाही हे धरूनच चाललेय. पण तुमच्या दुकानांच्या दारातून आत जाणाऱ्या मुलींमध्ये मराठी वाचणाऱ्याही आहेत, त्यांच्या आया आहेत, सासवा आहेत, त्या वाचतील. आणि खरं सांगायचं तर इंग्रजीत लिहायला बसले की मी ऑफिसला मेल टाकल्यासारखी लिहायला लागते, राग कुठेतरी गळून पडतो.

मी गरोदर बायकांच्या क्लिनिकमध्ये नर्स आहे, बरीच वर्षं झाली. पहिल्या व्हिजिटला आम्ही एक फॉर्म भरून घेतो, त्यात खाली एक ओळ आहे, सिगरेट, दारू, ड्रग्ज यातलं काही घेता का, आणि पुढे हो-नाहीचे चौकोन. एकीने तिन्ही ठिकाणी नाहीवर टिक केली होती. अकरावा आठवडा, चेहरा उतरलेला, पर्समध्ये उलटीसाठी प्लास्टिकची पिशवी नीट घडी करून ठेवलेली. बीपी घेता घेता मी सहज विचारलं, झोप लागते का गं नीट, तर म्हणाली हो, गमी घेतली की लागते. कसली गमी? तर व्हिटॅमिनची गोळी सांगावी तशी सांगितली, टीएचसीची, म्हणजे गांजातल्या नशा आणणाऱ्या रसायनाची चघळायची गोळी, रात्री एक आणि सकाळी फारच मळमळलं तर अर्धी. म्हटलं मग फॉर्मवर का नाही लिहिलंस? तर माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, तिथे ड्रग्ज विचारलंय ना.

खोटं बोलत नव्हती ती. दुकानातून बिल घेऊन आणलेली वस्तू, डबीवर बारकोड, त्यावर सरकारने टॅक्स घेतलेला, ती ड्रग कशी असेल? हा हिशोब तिला तुम्हीच शिकवलाय.

आता आधीच सांगून टाकते, मी बंदीवाली नाही. चिमूटभर गांजासाठी पोरांना आत टाकायचे, त्यातही कोणाची पोरं जास्त आत जायची हे सगळ्यांना माहीत होतं, ते थांबलं ते बरंच झालं. २०१२ च्या नोव्हेंबरात कोलोरॅडो आणि वॉशिंग्टनने मतदान करून कायदा बदलला, १ जानेवारी २०१४ ला कोलोरॅडोत पहिली दुकानं उघडली, कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ ला देशभर मोकळं केलं, २०२३ संपेपर्यंत अमेरिकेतली २४ राज्यं झाली. ठीक आहे. माझी तक्रार कायदा का केला अशी नाहीच. कायदा करताना पोटुशी बाई तुमच्यापैकी कोणाच्याच डोळ्यांसमोर नव्हती, ही आहे. बसवलं काय, तर डबीवर बारीक अक्षरात एक ओळ. बाकी ती आणि तिचं नशीब.

काउंटरवर काय होतं ते बघा. कोलोरॅडोतल्या डॉक्टर लोकांनी एक साधा प्रयोग केला होता, तो २०१८ मध्ये छापून आला. राज्यातल्या ४०० दुकानांना फोन केला, फोनवर एक बाई, आठ आठवड्यांची गरोदर आहे, सकाळी फार मळमळतं, काही आहे का तुमच्याकडे? ४०० पैकी २७७ दुकानांनी तिला गांजाचं काही ना काही सुचवलं. शंभरात एकोणसत्तर! दर तिसऱ्या दुकानाने तर गरोदरपणात हे सेफ आहे असंच सांगितलं. आणि कशाच्या आधारावर म्हणाल तर बहुतेकांनी स्वतःच्या मतावर, म्हणजे मला असं वाटतं यावर. विचारल्यावर डॉक्टरांना भेट असं बहुतेक जण म्हणाले, पण न विचारता आपणहून तसं सांगणारे तिसरा हिस्सासुद्धा नव्हते.

त्या काउंटरमागच्या पोराला मी दोष देत नाही. वीस-बावीस वर्षांचा मुलगा, पांढरा कोट नाही पण ड्रॉवर भरलेले, समोर रडवेली बाई, त्याला वाटतं मदत करावी. पण केमिस्टच्या दुकानातल्या माणसाला लायसन लागतं, शिक्षण लागतं, आणि पोटात बाळ आहे म्हटल्यावर तो साधी सर्दीची गोळी देताना दहादा विचार करतो. तुम्ही लायसन दिलंत ते माल विकायचं. सल्ला द्यायचं लायसन कोणी दिलं?

बरं, हा माल शरीरात जाऊन करतो काय. टीएचसी चरबीत मुरतं, पाण्यात विरघळून लघवीतून लगेच बाहेर पडणाऱ्यातलं नाही ते. रोज घेणाऱ्या बाईने बंद केलं तरी आठवडेच्या आठवडे अंगात रेंगाळतं. आई आणि बाळाला जोडणारी वार म्हणजे काही गाळणी नाही, टीएचसी तिथून पलीकडे जातं. आणि बाळाच्या मेंदूत ते ज्या कुलपांना जाऊन लागतं ती कुलपं फार लवकर तयार होतात, कारण शरीर स्वतःच तसलं एक रसायन बनवतं आणि मेंदूची वायरिंग कुठून कुठे जायची यात त्याचा हात असतो. बाळंतपणानंतर अंगावर पाजतानाही तेच. २०१८ मध्ये एका तपासणीत गांजा घेणाऱ्या आयांच्या दुधाचे ५४ नमुने घेतले, ६३ टक्क्यांमध्ये टीएचसी सापडलं, कुठे कुठे शेवटचं घेतल्यावर सहा दिवसांनीसुद्धा. दारूबद्दल बायकांना माहीत असतं की थोडा वेळ गेला की दुधातून उतरते, तोच हिशोब इथे लावतात आणि फसतात.

त्यात माल पूर्वीचा राहिलेला नाही. अमेरिकेत जप्त केलेल्या गांजात १९९५ च्या सुमाराला टीएचसी चार टक्क्यांच्या आसपास असायचं, २०१४ पर्यंत ते बारावर गेलं, आणि तुमच्या दुकानात अर्क म्हणून जे मिळतं, ते मेणासारखं, त्यात साठ-सत्तर टक्के आणि त्याच्याही वर. म्हणजे आमच्या वेळी आम्ही घेतला, पोरं ठणठणीत आहेत, असं सांगणाऱ्या बायका वेगळ्याच वस्तूबद्दल बोलतायत. गमीचं आणखी एक, ती चढायला अर्धा तास ते दोन तास लावते, काही झालं नाही म्हणून दुसरी खाल्ली जाते आणि मग दोन्ही एकदम.

नुकसान किती, यावर मी घाबरवणार नाही, कारण घाबरवून बाई फक्त लपवायला शिकते. जे नीट माहितीये तेवढंच सांगते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी २०१७ मध्ये सगळा अभ्यास एकत्र चाळला, त्यात आईने गांजा ओढणं आणि बाळाचं वजन कमी भरणं यांचा संबंध पक्का दिसतो असं म्हटलं, आणि पुढे मूल मोठं झाल्यावर काय होतं याला मात्र पुरेसा पुरावा नाही असंही तितक्याच स्पष्ट म्हटलं. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात साडेसहा लाखांवर बाळंतपणांचा हिशोब २०१९ मध्ये आला, गांजा घेणाऱ्यांमध्ये १२ टक्के बाळं दिवस भरायच्या आधी जन्मली, न घेणाऱ्यांमध्ये सहा. आता यातल्या पुष्कळ बायका सिगरेटही ओढतात, गरिबी असते, इतर औषधं असतात, म्हणून त्याच लोकांनी मग सारख्याला सारखी बाई लावून बघितलं, तरी १०.२ आणि ७.२ असा फरक उरलाच. २०२३ मध्ये अमेरिकेत नऊ हजारांवर पहिलटकरणींच्या साठवलेल्या लघवीच्या तपासणीवरून आणखी एक अभ्यास आला, त्यात बाळ खुरटणं, पोटात दगावणं, आईचं बीपी चढणं, मुदतीआधी बाळंतपण करावं लागणं, यातलं एक तरी होण्याचं प्रमाण न घेणाऱ्यांत १७.४ टक्के आणि घेणाऱ्यांत २५.९. ऑटावामध्ये १९७८ पासून अशा मुलांच्या मागे लागून त्यांना वर्षानुवर्षं तपासलं, त्यात लक्ष एकाग्र होण्याच्या बाबतीत फरक दिसले, पण तो गांजा तेव्हाचा, आजचा नव्हे. आजचा गांजा पोटात असताना मिळालेली मुलं आत्ता कुठे शाळेत जायला लागलीत.

म्हणजे बाळात राक्षसी काही होतं असं नाही. बहुतेक बाळं ठीक जन्मतात. पण कमी दिवसांचं बाळ काचेच्या पेटीत, नाकात नळी, आणि आई व्हीलचेअरवर बसून त्या गोल खिडकीतून एक बोट आत घालून त्याचा हात धरतेय, हे ज्याने बघितलंय त्याला तीन टक्के म्हणजे काय ते सांगावं लागत नाही.

आणि घेणाऱ्या वाढतायत. अमेरिकेत २००२-०३ मध्ये गेल्या महिनाभरात गांजा घेतला असं सांगणाऱ्या गरोदर बायका ३.४ टक्के होत्या, २०१६-१७ ला ७ टक्के. पहिल्या तीन महिन्यांतल्या तर ५.७ वरून १२.१. लक्षात घ्या, पहिले तीन महिने, म्हणजे जेव्हा ओकाऱ्या सर्वात जास्त आणि बाळाचा एकेक अवयव आकाराला येत असतो तेव्हाच. यातली काही वाढ तुमच्या कायद्याच्या आधीपासूनची आहे, सगळं खापर तुमच्या डोक्यावर फोडणार नाही. पण उत्तर कॅलिफोर्नियात जिथे सगळ्याच गरोदर बायकांची तपासणी होते तिथे कोविडमध्ये हा आकडा पाव हिश्शाने वाढला, आणि आठवतंय ना, त्याच काळात तिथे गांजाची दुकानं जीवनावश्यक म्हणून उघडी होती. ओंटारियोत गरोदर बायका गांजामुळे इमर्जन्सीत किंवा ॲडमिट होण्याचं प्रमाण कायदा आल्यावर दर लाख गरोदरपणांमागे ११ वरून २० वर गेलं. आकडा लहान आहे, मान्य, पण जवळपास दुप्पट आहे.

आता ओकाऱ्यांवर येते, कारण सगळ्याचं मूळ तिथे आहे. बायका मजा म्हणून घेतायत असं तुम्हाला वाटत असेल तर एक दिवस माझ्या वेटिंग रूममध्ये येऊन बसा. मळमळतं म्हणून घेतात, झोप नाही म्हणून घेतात, जीव घाबरा होतो म्हणून घेतात. शंभरातल्या सत्तर-ऐंशी जणींना मळमळ होतेच, आणि घरात, ऑफिसात, दवाखान्यातसुद्धा त्यांना उत्तर मिळतं की अगं होतंच असं, चौथा महिना लागला की थांबेल. दवाखाना ऐकून घेत नाही तेव्हा बाई दुकानात जाते, दुकान ऐकून घेतं. कडू आहे, पण आमच्या बाजूची चूक ही आहे आणि मी ती कबूल करते.

यातली गंमत, म्हणजे गंमत कसली, ऐका. मळमळीवर एक जुनी गोळी होती, बी६ जीवनसत्त्व आणि डॉक्सिलॅमिन यांची, अमेरिकेत १९५६ पासून लाखो गरोदर बायकांनी घेतलेली. १९८३ मध्ये कंपनीने ती बाजारातून काढली, गोळीत दोष सापडला म्हणून नाही, कोर्टात केसेसवर केसेस पडल्या म्हणून. पुढे अभ्यासावर अभ्यास झाले, गोळी निर्दोष निघाली, पण अमेरिकेत त्या मिश्रणाची मान्यताप्राप्त गोळी परत यायला एप्रिल २०१३ उजाडलं. कॅनडात मधल्या सगळ्या काळात मिळत होती. म्हणजे तपासून तपासून चोख निघालेली गोळी तीस वर्षं गायब, आणि ती परत आली त्याच्या पाच महिने आधी कोलोरॅडोने गांजाला हिरवा कंदील दिलेला, ज्याची गरोदर बाईवर कोणी धड तपासणीच केली नव्हती. आजही माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणींना या गोळीचं नाव माहीत नसतं पण गमीचे चार फ्लेवर तोंडपाठ असतात.

क्लिनिकच्या आधी मी वॉर्डात होते. तिथली एक बाई विसरत नाही, ओळख पटेल असं काही सांगत नाही, तब्येतीचं तेवढं सांगते. उलट्यांसाठी तिसऱ्यांदा ॲडमिट, सलाईन लावलेलं, वजन घटत चाललेलं, सगळे म्हणत होते गरोदरपणाच्याच उलट्या आहेत, जरा जास्त आहेत इतकंच. गाऊन बदलताना तिची पाठ बघितली, खांद्यापासून कमरेपर्यंत लालभडक, चटका बसल्यासारखी. विचारलं हे काय गं, तर म्हणे शॉवर. दिवसातून पाच-सहा वेळा कढत पाण्याखाली उभी राहायची, तेवढाच वेळ मळमळ थांबायची. मला एकदम क्लिक झालं. वर्षानुवर्षं रोज गांजा घेणाऱ्यांना कधी कधी त्या गांजानेच न थांबणाऱ्या उलट्या लागतात, आणि अशा लोकांना कढत पाण्यानेच आराम पडतो, ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी २००४ मध्ये पहिल्यांदा हे नीट लिहिलं. उपाय एकच, बंद करणं. डॉक्टर निघून गेल्यावर मी खुर्ची ओढून बसले आणि विचारलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, घेते, उलट्यांवरच घेते, वाढल्या की जास्त घेते, दुकानात त्यांनीच सांगितलं होतं थोडा डोस वाढवून बघ.

आगीवर तेल ओतत होती बिचारी, औषध समजून.

पण तिने आधी का नाही सांगितलं? तिसरं ॲडमिशन होतं हो ते, प्रत्येक वेळी विचारलं असणार कोणीतरी. मी हाच प्रश्न केला. तर म्हणाली, सांगितलं असतं आणि तुम्ही माझं बाळ नेलं असतं तर?

हे ऐका नीट, कारण पत्र लिहायला बसले ते यासाठी. काउंटरवर तुमचा कायदा तिला म्हणतो घे, एकवीस वर्षांची आहेस, तुझा हक्क आहे. तीच बाई बाळंतपणाला आली की तिची लघवी, बाळाची पहिली शी तपासायला जाते, कधी तिला न सांगताच, आणि पॉझिटिव्ह आलं की बालसंरक्षण खात्याची बाई दारात. ओक्लाहोमाने जून २०१८ ला मतदान करून औषधी गांजा कायदेशीर केला, आणि त्याच राज्यात औषधी गांजाचं कार्ड असलेल्या बायकांवर गरोदरपणात तो घेतला म्हणून फौजदारी खटले झाले. कार्ड देणारंही राज्य, कोर्टात उभं करणारंही राज्य. अलाबामात तर घरात ड्रग्ज बनवण्याच्या धोक्यापासून मुलांना वाचवायला केलेला २००६ चा कायदा पोटातल्या बाळापर्यंत ओढत नेला. आणि ही चौकशी सगळ्यांच्या वाट्याला सारखी येते असं समजू नका. फ्लोरिडातल्या एका काउंटीचा अभ्यास १९९० मध्ये छापून आला होता, गोऱ्या आणि काळ्या बायकांमध्ये नशेचं प्रमाण जवळपास सारखं निघालं, पण सरकारकडे नाव जाण्याचं प्रमाण काळ्या बायकांचं सुमारे दहापट. २००१ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनच्या खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सरकारी हॉस्पिटलने गरोदर बाईला न विचारता तिची लघवी पोलिसांसाठी तपासायची नाही. पोलिसांसाठी नाही, बरं. बाकीच्यांसाठी वाट मोकळीच राहिली.

मग बाई काय करेल? इकडे आड, तिकडे विहीर. ती गप्प बसेल. डॉक्टरची तारीख चुकवेल. फॉर्मवर नाही लिहील, आणि या वेळी ते नाही समजून-उमजून असेल. प्रश्न विचारायला सुरक्षित अशी एकच जागा तिला उरते आणि ती म्हणजे ते काउंटर. तुम्ही दोन खाती, एक विकायला परवानगी देणारं आणि एक चौकशी करणारं, कधी एका टेबलावर बसून या बाईबद्दल बोललात का हो? मला शंका आहे.

मला काय पाहिजे ते सांगते, फार मोठं नाही. पोटात बाळ आहे असं गिऱ्हाईक म्हणालं की काउंटरवरच्या माणसाने एकच वाक्य बोलायचं, मी यावर सल्ला देऊ शकत नाही, हा फोन नंबर घ्या. आणि त्या नंबरावर खरी नर्स पाहिजे, रात्रीसुद्धा, गांजाच्या टॅक्समधून तिचा पगार द्या, पैसे आहेत तुमच्याकडे. हे वाक्य बोललं जातं की नाही ते कोलोरॅडोतल्यासारखे फोन करून दर वर्षी तपासा, दारूच्या दुकानात अल्पवयीन पोरं पाठवून तपासता तसंच. जी दुकानं सल्ला देतील त्यांचं लायसन थोडे दिवस बंद ठेवा, आपोआप शिकतील. दवाखान्यात बाईला विचारा, तोंडाने विचारा, नीट विचारा. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांची संघटना २०१७ पासून सांगतेय की गरोदरपणात बंद करायला सांगा, आणि २०२५ मध्ये त्यांनी हेही म्हटलंय की सगळ्यांना बोलून विचारा, लघवी तपासून पकडत बसू नका. मग कायद्यात ते आणा ना. परवानगीशिवाय तपासणी नाही आणि नुसत्या गांजाच्या रिपोर्टवरून बाळाच्या घरी चौकशी नाही. बाळाला खरंच धोका असेल तर तो दिसतो हो, त्यासाठी लघवीची बाटली लागत नाही.

आणि ज्या मुली हे वाचतायत त्यांना, घेत असाल तर आजपासून थांबवा, जमत नसेल तर कमी करा आणि मळमळ होते म्हणून घेत असाल तर मळमळीचं औषध मागून घ्या, हक्काने मागा, होतंच असं म्हणून कोणी पाठवलं तर परत जा. रोजची सवय असेल तर एकदम बंद केल्यावर काही दिवस चिडचिड होईल, झोप उडेल, ते जातं. आधी घेतलं म्हणून रडत बसू नका, ज्या दिवशी थांबाल तिथून पुढचं बाळाला मिळतंच. मात्र सांगण्याआधी तुमच्या राज्यात नर्सला काय कळवावं लागतं ते नर्सलाच विचारा, मी तरी माझ्या पेशंटला ते आधी सांगते आणि मगच पेन उचलते.

त्या अकराव्या आठवड्यातल्या मुलीला मी गोळी लिहून मिळवून दिली, दोन आठवड्यांनी आली तेव्हा पर्समधली पिशवी तशीच होती, घडी न मोडलेली. तिच्यानंतर मी एक उद्योग सुरू केला. फॉर्मवरच्या त्या ड्रग्जच्या ओळीखाली हाताने लिहायला लागले, गांजा, गमी, व्हेप, तेल, दुकानातून आणलेलं असलं तरी लिहा, कोणी रागावणार नाही. ज्या पहिल्या गठ्ठ्यावर लिहिलं त्यात चार जणींनी हो केलं. दुसरा गठ्ठा ऑफिसने परत पाठवला, वर चिठ्ठी लावून, की छापील फॉर्मवर कर्मचाऱ्यांनी बदल करू नयेत. चिठ्ठी काढून ठेवलीय आणि ओळ अजून लिहितेय.

तुमची,
गरोदर बायकांच्या क्लिनिकमधली एक नर्स